गाडीतून येणारे वेगळे आवाज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवीन आवाज ऐकू आला तर सगळ्यात आधी काय पाहायचं?

आवाज कसा आहे याच्याआधी तो कशाबरोबर बदलतो ते पाहा. ‘खडखड’ हा एकच शब्द दहा निरनिराळ्या बिघाडांना लागू पडतो. पण आवाज इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर चढतो, चाकांच्या वेगाबरोबर चढतो, की फक्त ब्रेक दाबल्यावर, स्टिअरिंग वळवल्यावर किंवा खड्ड्यातून जाताना येतो, एवढं नक्की झालं की संशय दोन-तीन भागांवर येऊन थांबतो.

त्यासाठी दोन चाचण्या पुरतात. पहिली उभ्या गाडीत करायची. हँडब्रेक ओढा, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, इंजिन सुरू करून अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू २,५०० फेऱ्यांपर्यंत (आरपीएम, म्हणजे मिनिटाला होणारे फेरे) न्या. आवाज आला आणि फेऱ्यांबरोबर चढला, तर तो इंजिन, बेल्ट किंवा सायलेन्सरचा आहे. आला नाही, तर चाकं, बेअरिंग, ब्रेक, ड्राइव्ह शाफ्ट (इंजिनाची शक्ती चाकांपर्यंत नेणारा दांडा) किंवा सस्पेन्शनकडे वळा.

दुसरी चाचणी मोकळ्या, सरळ रस्त्यावर. ताशी ५० किलोमीटरचा वेग धरा आणि तोच वेग कायम ठेवून चौथ्यातून तिसऱ्या गिअरमध्ये या. चाकं पूर्वीच्याच वेगाने फिरतायत, इंजिनाचे फेरे मात्र वाढले. आवाजाचा सूर उंचावला तर मूळ इंजिनाकडे. सूर तसाच राहिला तर चाकांकडे. चालत्या गाडीचं इंजिन बंद करून ही परीक्षा कधीही करू नका. ब्रेकला आणि स्टिअरिंगला मिळणारी मदत संपते, आणि चावी पूर्ण फिरली तर स्टिअरिंग लॉक होऊ शकतं.

कानोसा घेण्याआधी म्युझिक आणि एसीचा ब्लोअर बंद करा. खिडक्या उघडून एखाद्या लांबलचक भिंतीच्या कडेने हळू गाडी चालवली तर त्या बाजूच्या चाकांचा आवाज भिंतीवर आपटून परत येतो आणि स्पष्ट ऐकू येतो. मग उलट दिशेने जाऊन दुसरी बाजू ऐका.

टकटक मोजून काही कळतं का?

बरंच कळतं. बहुतेक लहान-मध्यम गाड्यांच्या टायरचा घेर १.८ ते २ मीटरच्या आसपास असतो. ताशी २० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर, म्हणून चाक सेकंदाला सुमारे तीन वेळा फिरतं. या वेगाला सेकंदाला तीन ‘टक’ येत असतील आणि वेगाबरोबर ते वाढत असतील, तर चाकाच्या एकाच जागी काहीतरी आहे. बहुतेक वेळा टायरमध्ये खिळा घुसलेला किंवा खाचेत खडा अडकलेला सापडतो. खिळा दिसला तर रस्त्यात उपटू नका, हवा लगेच जाईल. हवेचा दाब बघा आणि पंक्चरवाल्यापर्यंत सावकाश न्या.

इंजिनाचं गणित वेगळं. आयडलिंगला ८०० फेरे असताना क्रँकशाफ्ट (पिस्टन ज्याला फिरवतात तो मुख्य दांडा) सेकंदाला साधारण १३ वेळा फिरतो, तर कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) त्याच्या निम्म्या गतीने. म्हणून एखाद्या व्हॉल्व्हची टिकटिक सेकंदाला सहा-सात वेळा ऐकू येते.

ब्रेक दाबल्यावर ‘चीं’ असा तीक्ष्ण आवाज येतो. पॅड संपले का?

शक्यता आहे. पुष्कळ ब्रेक पॅडना पोलादाची एक लहान पट्टी बसवलेली असते. पॅडचं घर्षण-साहित्य २ ते ३ मिमी उरलं की ही पट्टी डिस्कला टेकते आणि किंचाळते. नवीन पॅडवर हा थर साधारण १० ते १२ मिमी असतो. पुष्कळ गाड्यांत चाकाच्या आऱ्यांमधून टॉर्च मारून बाहेरचा पॅड दिसतो, पण तेवढ्यावर समाधान मानू नका. कॅलिपरची (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाची) सरकणारी पिन अडकली असेल तर आतला पॅड खूप आधी झिजतो. थर ३ मिमीवर आला की पॅड बदलायचे, आणि नेहमी एकाच अ‍ॅक्सलच्या दोन्ही चाकांचे एकत्र.

‘चीं’च्या जागी खरखर, धातूवर धातू घासल्यासारखी, येऊ लागली तर पॅडची लोखंडी पाठ डिस्कला लागलेली आहे. आता प्रत्येक ब्रेकबरोबर डिस्क कोरली जाते आणि थांबायला जास्त अंतर लागतं. अशी गाडी चालवत नेण्यापेक्षा उचलून नेणं शहाणपणाचं.

पॅड जाड असूनही किंचाळत असतील तर ती पॅड आणि डिस्क यांच्यातली बारीक थरथर असते: पॅड डिस्कला क्षणभर चिकटतो, सुटतो, पुन्हा चिकटतो, आणि हे सेकंदाला हजारो वेळा घडतं. सरकणाऱ्या पिना साफ करून त्यांना आणि पॅडच्या पाठीला उच्च तापमान सोसणारं ब्रेकचं खास ग्रीस लावलं, पॅडमागच्या पातळ पत्र्याच्या शिम जागेवर बसवल्या की ती बहुधा थांबते. घर्षणाच्या बाजूला ग्रीसचा ठिपकाही लागता कामा नये. लागलाच, तर तो पॅड टाकून द्या.

नवीन पॅड बसवल्यावर ते डिस्कवर नीट बसू द्यावे लागतात. निर्मात्याची वेगळी सूचना नसेल तर मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० वरून १० पर्यंत मध्यम जोराने आठ-दहा वेळा वेग कमी करा, दर खेपेला थोडं अंतर चालवून ब्रेक थंड होऊ द्या. ही पायरी गाळल्यामुळे नव्या पॅडची कुरकुर घेऊन परत येणारे पुष्कळ असतात.

गाडी धुतल्यावर किंवा पावसानंतर सकाळी ब्रेक खरखरतात. काळजीचं आहे का?

नाही. ओतीव लोखंडाच्या डिस्कवर रात्रभरात गंजाचा पातळ थर चढतो. चार-पाच वेळा ब्रेक लावले की तो निघून जातो. त्यानंतरही खरखर राहिली तर पॅड तपासा.

ब्रेक न दाबताही चाकाजवळ सतत पत्रा घासतो.

डिस्कच्या मागे पातळ पत्र्याचं संरक्षक कवच असतं. तिथे खडा अडकतो किंवा पत्रा वाकून डिस्कला लागतो. सुरक्षित जागी थोडं पुढे-मागे केल्यावर खडा कधी कधी आपोआप पडतो. नाहीतर चाक काढून पत्रा बोटभर मागे वाकवला की काम होतं. पण ब्रेक दाबल्यावर आवाज बदलत असेल किंवा ते एकच चाक जास्त तापत असेल, तर कॅलिपर अडकला आहे. त्याची दुरुस्ती लगेच करून घ्या.

वेग वाढला की घूंऽऽ असा आवाज येतो. टायर की व्हील बेअरिंग?

सर्वात जास्त चुका या निदानात होतात. बेअरिंग बदललं आणि आवाज तसाच राहिला, कारण आवाज टायरचा होता, हे वारंवार घडतं. म्हणून क्रमाने जा.

पहिला प्रश्न रस्त्याचा. खडबडीत डांबरावरून गुळगुळीत रस्त्यावर आल्यावर आवाज एकदम बदलला तर तो टायरचा. बेअरिंगला पृष्ठभागाशी फारसं देणंघेणं नसतं.

दुसरा प्रश्न वळणाचा. ताशी ५०-६० वर, रस्ता मोकळा असताना, गाडी हलकेच डावीकडे आणि मग उजवीकडे झुकवा. डावीकडे वळताना वजन उजव्या चाकांवर जातं. तेव्हा घूंघूं वाढली तर उजव्या बाजूच्या बेअरिंगवर पहिला संशय. उलट असेल तर डाव्या. हा नियम बहुतेक वेळा खरा ठरतो, सगळ्याच वेळा नाही. म्हणून तिसरी पायरी गाळू नका.

गाडी सपाट जागी उभी करा, इतर चाकांना ठोकळे लावा, जॅकने उचलून स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हात-पाय घालू नका. चाक वर-खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट (चाकाला सस्पेन्शनशी जोडणारा सांधा). मग एक हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवून दुसऱ्या हाताने चाक फिरवा. खराब बेअरिंगची करकर कानाला ऐकू येण्याआधी स्प्रिंगमधून हाताला कळते. हल्लीच्या बंद हब-बेअरिंगमध्ये खेळ अजिबात नसतानाही आवाज असू शकतो, त्यामुळे ‘चाक हलत नाही म्हणजे बेअरिंग चांगलं’ असा निष्कर्ष काढू नका.

टायर पाहायचा तर तळहात पृष्ठभागावरून आधी एका दिशेने, मग उलट फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसरीकडे करवतीच्या दातांसारखा लागला तर झीज असमान आहे. कारणं तीन: हवेचा चुकीचा दाब, बिघडलेलं अलाइनमेंट (चाकांचे कोन), थकलेले शॉक अ‍ॅब्सॉर्बर. कारण दूर केल्याशिवाय नवा टायर घातला तर तोही तसाच झिजेल. दर ८,००० ते १०,००० किलोमीटरला टायरची अदलाबदल केली तर ही झीज बरीच टळते.

स्टिअरिंग पूर्ण वळवून निघताना कट-कट-कट येतं.

बाहेरचा सीव्ही जॉइंट, म्हणजे ड्राइव्ह शाफ्ट आणि चाक यांच्यामधला सांधा. त्यावरचं रबरी बूट फाटतं, ग्रीस उडून जातं, आत माती-पाणी शिरतं आणि गोळ्यांच्या वाटा झिजतात. चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीसचे शिंतोडे दिसले तर बूट फाटलं हे नक्की. आवाज जॉइंटचाच आहे याची खात्री करायची तर मोकळ्या मैदानात स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून हळू गोल फिरा, मग दुसऱ्या बाजूला.

बूट नुकतंच फाटलं असेल आणि आवाज अजून नसेल तर जॉइंट साफ करून नवं ग्रीस आणि बूट घालून भागतं. कट-कट सुरू झाल्यावर ग्रीसने झीज भरून येत नाही. जॉइंट किंवा पूर्ण शाफ्ट बदलावा लागतो. त्यामुळे दर सर्व्हिसिंगला चारही बुटं बघायला सांगा.

खड्ड्यात किंवा स्पीडब्रेकरवर ठक-ठक होतं.

लहानसहान उंचवट्यांवर, कमी वेगात, पोकळ ठकठक येत असेल तर पहिला संशय स्टॅबिलायझर लिंकवर (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याला सस्पेन्शनशी जोडणारा भाग). हा भाग लहान आणि बदलायला सोपा असतो. मोठ्या खड्ड्यात एकच जड ‘धप्’ येत असेल तर शॉक अ‍ॅब्सॉर्बर किंवा त्याचा वरचा माउंट. उभ्या गाडीत स्टिअरिंग वळवताना स्प्रिंग ताणून सुटल्यासारखा ‘टँग’ आला तर वरच्या माउंटचं बेअरिंग अडकलेलं असतं.

कुरकुर मात्र बहुधा रबरी बुशची (सस्पेन्शनच्या सांध्यांत बसवलेल्या रबराची). एकेका बुशवर थोडं पाणी मारा आणि गाडी हाताने दाबून बघा. ज्यावर पाणी मारल्यावर कुरकुर थांबली तो दोषी. इंजिन ऑइल किंवा साधं ग्रीस रबरावर लावू नका, रबर फुगतं आणि लवकर मरतं.

बॉल जॉइंटच्या बाबतीत चालढकल करू नका. तो निखळला तर चाक आडवं पडतं आणि स्टिअरिंगचा ताबा जातो.

आणि हे सगळं खोलण्याआधी डिकीतला जॅक, पाना आणि स्टेपनी घट्ट आहेत का ते बघा.

सकाळी सुरू करताना बोनेटमधून चिर्र असा आवाज येतो आणि थोड्या वेळाने थांबतो.

फॅन बेल्ट घसरतोय. इंजिन सुरू करताना बॅटरी थोडी उतरलेली असते, अल्टरनेटरवर (बॅटरी चार्ज करणाऱ्या भागावर) भार जास्त येतो आणि सैल किंवा कडक झालेला बेल्ट पुलीवर सरकतो. एसी लावताना हाच आवाज येणं हेही त्याच गोष्टीचं लक्षण.

इंजिन चालू असताना, हात, केस आणि सैल कपडे दूर ठेवून, बेल्टच्या आतल्या बाजूवर फवारणीच्या बाटलीने थोडं पाणी मारा. आवाज वाढला तर ताण कमी आहे: बेल्ट किंवा टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) बदला. आवाज क्षणभर थांबून परत आला, विशेषतः चिक-चिक असा तुटक असेल, तर पुली एका रेषेत नाहीत. पाण्याने काहीच फरक पडला नाही आणि आवाज घरघरीसारखा असेल तर पुलीचं बेअरिंग. बेल्टवर साबण किंवा स्प्रे लावून आवाज दाबू नका. बेल्ट तुटला की चार्जिंग थांबतं, आणि ज्या गाड्यांत वॉटर पंप याच बेल्टवर चालतो तिथे इंजिन काही मिनिटांत तापतं.

इंजिनातून टिकटिक येते. गंभीर आहे का?

आधी ऑइल बघा. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा, डिपस्टिक पुसून पुन्हा बुडवा. खालच्या आणि वरच्या खुणांमधलं अंतर बहुतेक गाड्यांत सुमारे एक लिटरचं असतं. ऑइल कमी असेल तर थोडं थोडं घालून पातळी आणा आणि पुन्हा ऐका.

थंड इंजिन सुरू झाल्यावर काही सेकंद टॅपेट (कॅमशाफ्टचा धक्का व्हॉल्व्हपर्यंत पोचवणारा भाग) वाजणं चालतं, कारण रात्री हायड्रॉलिक टॅपेटमधलं ऑइल खाली उतरलेलं असतं. गरम झाल्यावरही टिकटिक राहिली तर ऑइल जुनं किंवा चुकीच्या ग्रेडचं आहे का ते तपासा; साध्या टॅपेटच्या इंजिनात व्हॉल्व्हची फट मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे फीलर गेजने लावून घ्या. थेट इंजेक्शनच्या पेट्रोल इंजिनात इंजेक्टरची जलद टिकटिक मुळातच असते.

सुरू करताना दोन-तीन सेकंद साखळी वाजल्यासारखी खडखड होत असेल तर ती टायमिंग चेन (क्रँकशाफ्ट आणि कॅमशाफ्ट यांना जोडणारी साखळी) असू शकते. टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. तो सैल पडला आणि चेन दात चुकली, तर पुष्कळ इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. ही खडखड दिवसेंदिवस लांबत चालली असेल तर पुढच्या सर्व्हिसिंगची वाट पाहू नका.

सर्वात वाईट आवाज म्हणजे खोल, जड ठोका. हातोडीने आतून मारल्यासारखा, अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर वाढणारा. कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेल्याचं ते लक्षण आहे. इंजिन तिथेच बंद करा. पुढच्या दहा किलोमीटरमध्ये रॉड इंजिनाचा ब्लॉक फोडून बाहेर येऊ शकतो.

चढावर जोर दिला की डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज येतो.

पेट्रोल इंजिनाचं नॉकिंग. ठिणगी पडल्यावर ज्वाळा पोचायच्या आधीच उरलेलं मिश्रण आपोआप पेटतं आणि दाबाची लाट धातूवर आदळते. वरच्या गिअरमध्ये कमी फेऱ्यांवर जोर मागणं, कमी ऑक्टेनचं इंधन, आत साठलेला कार्बन, तापलेलं इंजिन ही नेहमीची कारणं. तात्काळ उपाय म्हणजे एक गिअर खाली. पुढची टाकी मॅन्युअलमध्ये दिलेल्या ऑक्टेनच्या इंधनाने भरा. तरीही राहिलं तर नॉक सेन्सर आणि स्पार्क प्लग तपासून घ्या. दीर्घकाळ चाललं तर पिस्टनला छिद्रं पडतात.

गाडीखालून पत्रा वाजतो, किंवा फट्‌फट् येते.

ठराविक फेऱ्यांवरच वाजणारा पत्रा बहुधा सायलेन्सरवरचं उष्णतारोधक कवच असतं. बोल्ट गंजून सुटलेला असतो. मोठा वॉशर किंवा पोलादी क्लॅम्प लावून ते बसतं. थंड सायलेन्सरवर मुठीने हलकेच मारल्यावर आत खुळखुळलं तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधली (धूर शुद्ध करणाऱ्या डब्यातली) सिरॅमिकची जाळी फुटली आहे. तिचे तुकडे अडकून धुराची वाट बंद होते आणि गाडी ओढत नाही.

थंड असताना येणारी आणि गरम झाल्यावर कमी होणारी फट्‌फट् मॅनिफोल्डच्या (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या पहिल्या नळीच्या) गळतीची. धातू तापून फुगतो आणि फट बुजते, एवढंच. गळती गेलेली नसते. धुरातला कार्बन मोनॉक्साइड बिनवासाचा आणि जीवघेणा असतो. केबिनमध्ये धुराचा वास येत असेल, डोकं दुखत असेल, तर खिडक्या उघडा, गाडी थांबवा आणि दुरुस्तीपर्यंत वापरू नका.

चावी फिरवल्यावर नुसतं टिक-टिक होतं, गाडी सुरू होत नाही.

जलद टिकटिक म्हणजे बॅटरी कमजोर. एकच जोरदार ‘टक’ म्हणजे स्टार्टर, त्याचा सोलेनॉइड (विद्युत स्विच) किंवा सैल टर्मिनल. मीटर असेल तर गाडी काही तास उभी राहिल्यावर मोजा: १२.६ व्होल्ट पूर्ण, १२.२ च्या आसपास निम्मी, १२ च्या खाली रिकामी. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ हवेत. टर्मिनल साफ करताना ऋण आधी काढा आणि शेवटी लावा.

क्लच दाबल्यावर आवाज येतो किंवा दाबल्यावर थांबतो. फरक काय?

दाबल्यावर येत असेल तर रिलीज बेअरिंग. न्यूट्रलमध्ये क्लच सोडल्यावर येऊन दाबल्यावर थांबत असेल तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग. दोन्हींसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून त्याच वेळी क्लच प्लेटही बघून घ्यावी.

स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवलं की कण्हतं.

हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंगमध्ये तेल कमी आहे किंवा त्यात हवा शिरली आहे. टाकीतल्या तेलाला फेस आला असेल तर हवाच. नुसतं तेल भरून थांबू नका, गळती शोधा. टोकाला स्टिअरिंग पाच सेकंदांहून जास्त दाबून धरू नका, पंप तापतो.

डॅशबोर्डमागून येणारे आवाज कशाचे?

पाणी खळखळल्यासारखं ऐकू आलं तर कूलंटमध्ये हवा आहे, म्हणजे कूलंट कमी झालं आहे. इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच झाकण उघडा. एसीचं तापमान बदलल्यावर काही सेकंद टक-टक येऊन थांबते ती हवेची झडप फिरवणाऱ्या लहान मोटरचा दात तुटल्याची. ब्लोअरच्या वेगाबरोबर बदलणारी फडफड बहुधा आत पडलेल्या पानाची. केबिन फिल्टर काढून बघा.

कोणते आवाज नेहमीचे समजावेत?

इंजिन बंद केल्यावर येणारी टिंग-टिंग (सायलेन्सर थंड होऊन आकसतो), बंद केल्यावरही काही मिनिटं फिरणारा रेडिएटरचा पंखा, चावी लावल्यावर दोन-तीन सेकंद गुणगुणणारा इंधन पंप, मॅन्युअल गाडीत रिव्हर्सला येणारा ऊंऽऽ असा सूर (रिव्हर्सचे दात सरळ कापलेले असतात), एसी बंद केल्यावरची फुसफुस. जोराचा ब्रेक दाबल्यावर पायाखाली गुर्रगुर्र आणि थरथर जाणवली तर ते एबीएसचं (ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचं) काम आहे. पाय उचलू नका, दाबून ठेवा.

इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्या कमी वेगात मुद्दाम आवाज करतात, पादचाऱ्यांना कळावं म्हणून. संयुक्त राष्ट्रांच्या नियमावलीत ही मर्यादा ताशी २० किलोमीटरपर्यंत आहे, आणि युरोपीय संघात जुलै २०२१ पासून अशा प्रत्येक नव्या गाडीला हे बंधनकारक आहे. या गाड्यांत वेग बराचसा मोटरच कमी करते, त्यामुळे डिस्क कमी वापरली जाते आणि गंजाची खरखर जास्त वेळा ऐकू येते.

कोणता आवाज आला तर तिथेच थांबायचं?

इंजिनाचा खोल ठोका. ऑइलच्या लाल दिव्यासोबत आलेला कोणताही आवाज. ब्रेकमधली धातूची खरखर, पेडल मऊ लागत असेल तर विशेषच. आणि चाकाजवळ कमी वेगात येणारी धप-धप, स्टिअरिंगच्या थरथरीसह: चाकाचे नट सैल झालेले असू शकतात. ते ताऱ्याच्या क्रमाने, समोरासमोरचे, मॅन्युअलमधल्या टॉर्कपर्यंत आवळा. चाक नुकतंच बदललं असेल तर ५० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासणं ही सवयच लावून घ्या.

मेकॅनिकला आवाज कसा सांगायचा?

कागदावर लिहून न्या: थंड की गरम इंजिन, किती वेग, किती फेरे, कोणता गिअर, कोणतं वळण, रस्ता कसा, एसी चालू की बंद, कधीपासून, आणि त्याआधी काय काम झालं होतं. शेवटचा मुद्दा फार उपयोगी पडतो. टायर बदलल्यावर दुसऱ्या दिवशी सुरू झालेला आवाज बहुधा त्याच चाकाशी जोडलेला असतो. मोबाइलवर रेकॉर्ड करताना वेग आणि फेरे तोंडाने बोला. गाडी चालवणाऱ्याने रेकॉर्डिंग करू नये, शेजारी बसलेल्याने करावं.

कोणता भाग बदलायचा ते तुम्ही सांगू नका, लक्षणं सांगा. मेकॅनिकला शेजारी बसवून आवाज प्रत्यक्ष ऐकवा. तो फक्त थंड इंजिनात येत असेल तर गाडी आदल्या संध्याकाळीच सोडा आणि सकाळी पहिल्यांदा सुरू करताना तुम्ही दोघंही बोनेटजवळ हजर राहा.